उतरलेली पत्ती

रिक्षा हेमराजला दिसली. ऐकू आली नाही. रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्याच्या गरनाळ्यातून तो सुरतेतल्या लिंबायतच्या बाजूला बाहेर पडला आणि उजव्या हाताला काहीतरी हिरवं-पिवळं एकदम मोठं झालं. कोपराला गरम पत्रा घासून गेला, आणि थोडं पुढे जाऊन रिक्षा तिरपी उभी राहिली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून जे काही सुनावलं ते हेमराजने त्याच्या ओठांवरून नीट वाचलं. ‘मरना है क्या, काका? कब से हॉर्न मार रहा हूँ!’ पुढची शिवीही स्वच्छ दिसली. कुणी दंड धरला, कुणी पाण्याची बाटली पुढे केली. हेमराज हसला. लूमवर आयुष्य काढलेला माणूस अशा वेळी हसून घेतो, कारण हसलं की समोरचा पुन्हा विचारत नाही. पण हसता हसता त्याला कळलं, की हा भर दुपारचा रस्ता, ही टेम्पोंची रांग, साड्यांच्या गाठोड्यांवर बसून ओरडणारे हमाल, या सगळ्यांनी आवाज टाकून दिला आहे. आणि त्या मुक्या रस्त्यावर एकच आवाज चालू आहे. लांब, एकसारखा, सनईच्या सुरासारखा. सारखा कसला, सनईचाच. तो कान देऊन ऐकायला लागला तर सूर किंचित खाली बसला, थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. मध्ये कुणीतरी श्वास घेतला होता.

कानात आवाज येणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. लिंबायतच्या कुठल्याही खात्यात, लूमच्या कारखान्यात, जाऊन विचारा, लूमपाशी उभा राहिलेला प्रत्येक जण सांगेल की मशीन बंद झाली तरी डोक्यात चालूच असते. हेमराजच्या डोक्यातही ती वर्षानुवर्षं चालत होती. तिच्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पाहुणा घरात फार दिवस राहिला की घरचाच होतो, तशी ती झाली होती. खात्यात कुणी कुणाचं ऐकतच नाही. चारी बाजूंनी लूम आदळत असतात, माणसं ओठ हलवतात, बोटांनी खुणा करतात आणि सगळं एकमेकांना पोचतं. दोरा तुटला, शेठ आला, चहा आला, अमक्याची बायको बाळंत झाली. त्यामुळे आपला कान नेमका कधी गेला हे हेमराजला कळलं नाही, आणि दुसऱ्या कुणालाही कळलं नाही. घरी पुष्पाबाई मोठ्यानेच बोलायची. लूमवाल्याची बायको हळू बोलून करते काय? शहाणी माणसं आंधळेपण लपवायला धडपडतात. हेमराजला बहिरेपण लपवावंसुद्धा लागलं नाही.

पण मशीन श्वास घेत नाही. कोपर चोळत तो घराकडे चालू लागला तेव्हा हीच एक गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली. मशीन श्वास घेत नाही, आणि सनईचा सूर धरणारा माणूसही तो घेताना कुणाला कळू देत नाही. सनईला माणसं दोन लागतात. एक वाजवतो, दुसरा शेजारी बसून एकच स्वर धरून ठेवतो, लग्न लागेपर्यंत, वरात हलेपर्यंत. गालात हवा साठवायची, नाकाने आत घ्यायची, आणि सूर मात्र तुटू द्यायचा नाही. वाजवणाऱ्याला वाहवा मिळते. सूर धरणाऱ्याकडे पोरंसुद्धा बघत नाहीत, फुगलेल्या गालांची नक्कल करायची असेल तरच बघतात. हेमराजचा सूर धुडकू धरायचा. अमळनेरकडचे दोघं, एकाच साली सुरतेला आलेले. हेमराज लूमवर लागला, धुडकू बमरोलीच्या बाजूला रंगाच्या मिलमध्ये. लग्नसराईत दोघं रजा टाकून सनई काखेत मारायचे. खानदेशी माणसाच्या मांडवात, मग तो सुरतेत का असेना, त्या दोघांशिवाय हळद लागत नसे. मिलच्या वाफेने धुडकूची छाती खाल्ली आणि दोन पावसाळ्यांमागे तो गेला. शेवटच्या सराईत त्याचा सूर तुटू लागला होता. आधी किंचित खाली बसायचा, मग थांबायचा, मग पुन्हा यायचा.

हेमराज रस्त्यात थांबला. हे त्याच्या अंगावर सरसरून आलं, आणि त्याने भर उन्हात सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

त्यानंतर तो सूर गेलाच नाही. सकाळी पुष्पाबाई खाटेशी चहा ठेवायची, तेव्हा तो असायचा. जेवताना असायचा. साड्यांना खडे चिकटवत पुष्पाबाई दारात बसलेली असायची, तिचे ओठ हलायचे आणि त्या हलणाऱ्या ओठांमागे तो असायचा. हेमराजने त्याची परीक्षाही घेऊन पाहिली. आपण श्वास रोखला तर तोही थांबतो का? नाही थांबत. आपण जोराने श्वास घेतला तर? तो आपल्या वेळेने घेतो. म्हणजे हा श्वास माझा नाही. इतकं ठरल्यावर भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण तिच्यात कुठेतरी बरंही वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

भागीरथी आली ती याच दिवसांत. धुडकूची बायको, अंगाने वाळलेली, बोलायला मोकळी. ती उंबरठा ओलांडून आत आली आणि हेमराजच्या कानातला सूर खाली आला. तुटला नाही, हळू झाला. बैठकीत बायका आल्या की पुरुष बोलणं आवरतं घेतात, तसा. हेमराज तिच्याकडे टक लावून बघतच राहिला, इतका की पुष्पाबाईने त्याला कोपराने ढोसलं.

“हेमराजभाऊ, चंचलनं लगीन ठरनं,” भागीरथी म्हणाली. “हयद आमना घरीच शे, बमरोलीले. सनई तुमनीच पाहिजे. चंचलना बाप जावाना आगोदर सांगी गयतात, पोरनी हयदले हेमराजनीच सनई वाजाले पाहिजे.”

“आनी सूर कोन धरी?” हेमराजने विचारलं.

“आते कोन धरी?” ती म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले. तेवढ्या वेळात तिचे ओठ पदराआड गेले, आणि ती आणखी काय बोलली ते हेमराजला कधीच कळलं नाही. विचारायचं त्याला धाडस झालं नाही. तो ‘येसू, येसू’ म्हणाला. पुष्पाबाई त्याच्याकडे बघत होती.

ललितने, त्याच्या पोराने, सगळ्यावर उपाय काढले. ललित कापड मार्केटात साड्यांची पार्सलं पाठवतो. ज्याला पार्सलात घालून पाठवता येत नाही अशी अडचण त्याला माहीत नाही. सुराचं तर त्याने चुटकीसरशी उडवलं. “पप्पा, टेन्शन नको ल्या. मोबाइलवर तानपुरानं ॲप शे. स्पीकरले जोडी देसू, एकदम परफेक्ट सूर.” आणि कानासाठी तो हेमराजला रिंग रोडवरच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. हेमराज इमानाने दाबत राहिला, कारण आवाज येतच होता. बाहेरची मुलगी काचेतून हात हलवून सांगत होती, काका, अजून मी काही सोडलंच नाही! ललित हसला. हेमराजला हसू आलं नाही. काच, टोप्या, मुलीचा हलणारा हात, आणि त्या बंद खोलीत आपल्याबरोबर कुणीतरी दुसरं बसलेलं. त्याने बटण ठेवून दिलं.

मशीन मिळालं. कानामागे अडकवायचं, शेंगदाण्याएवढं. ते लावलं त्या दुपारी घर अंगावर धावून आलं. भांडी, पंखा, नळ, पलीकडच्या खोलीतली टीव्हीवरची गुजराती बाई. पुष्पाबाईने किती वर्षांनी हळू आवाजात त्याला हाक मारली आणि ती त्याला पोचली. दोघंही क्षणभर गांगरले. तिचा आवाज म्हातारा झाला होता. ओठांवरून हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. तो खाटेवर बसून सगळं ऐकत राहिला, आणि दिवेलागणीला त्याच्या ध्यानात आलं, की सूर नाही. त्याने उजवीकडे मान केली, डावीकडे केली. नाही. एखाद्याला आपणच दाराबाहेर काढून कडी लावावी आणि मग आत बसून राहावं, तसं त्याला झालं. त्याने मशीन काढलं. घर मुकं झालं. थोड्या वेळाने, लांबून, दमल्यासारखा तो परत आला. हेमराजच्या डोळ्यांत पाणी आलं.

हळद जवळ आली तशा त्याने पत्त्या काढल्या. सनई म्हणजे पोकळ लाकूड. बोलते ती तिच्या तोंडातली पत्ती. तापीकाठच्या बोरूचा तुकडा भिजवायचा, चपटा करायचा, दुमडून त्याच्या दोन जिभा करायच्या, पितळी नळीवर दोऱ्याने आवळायच्या. दोरा लूमवरचाच, मजबूत. मग ब्लेडने खरवडत जायचं. टोक छाटलं की सूर चढतो, पोट खरवडलं की उतरतो. आणि एकदा खरवडलेलं परत भरून येत नाही, म्हणून हात हलका हवा. ही सगळी कामं हेमराज डोळे मिटून करायचा. पण केलेल्यांतून निवडायची कुठली, हे काम कानाचं. वाटीत भिजवलेली पत्ती तो नुसतीच ओठांत धरून फुंकायचा, कावळ्याच्या पिल्लासारखी ती ओरडायची आणि त्या ओरडण्यात त्याला तिचं पुढचं सगळं आयुष्य ऐकू यायचं. ही चिडकी, ही आळशी, ही चार लग्नं काढेल. आता वाटीतल्या सगळ्याच पत्त्या लांबून, भिंतीपलीकडून बोलत होत्या. त्याला नीट ऐकू येत होता तो एक धुडकूचा सूर. मग त्याने दुसरं काय करावं? त्या सुराला जी जुळेल ती चांगली. त्याने एकेक पत्ती सनईवर चढवून पाहिली. चढी. चढी. ही पण चढी. सगळ्या वर जात होत्या आणि तो खाली एकटा उभा होता. हेमराजने एक खरवडली, आणखी खरवडली, आणि ती मधोमध फाटली. दुसरी फाटली. दारात खडे चिकटवणारी पुष्पाबाई मान वळवून बघत होती.

“चांगली पत्ती व्हती ती,” ती म्हणाली. “काब्र नासाडी?”

“चढेल व्हती.”

“चढेल नव्हती. मी काय बहिरी शे का?” ती म्हणाली. बोलून गेल्याचं तिला वाईट वाटलं, ते तिच्या ओठांच्या कडेला दिसलं.

फळीवरचा तंबाखूचा जुना डबा त्याला मग आठवला. त्या शेवटच्या सराईतल्या पत्त्या त्यात होत्या. हेमराजने त्या सराईत एक गोष्ट केली होती आणि कुणाला सांगितली नव्हती, धुडकूलाही नाही. धुडकूचा दम पुरेना आणि सूर खाली बसू लागला, तेव्हा मांडवातल्या लोकांना सनई एकीकडे आणि सूर एकीकडे ऐकू आला असता. मित्राचं हसं झालं असतं. म्हणून हेमराज दर लग्नाआधी आपल्या पत्त्या थोड्या जास्त पातळ करायचा. धुडकू उतरेल तितकी सनई उतरवायची. दोघं मिळून खाली आले की कुणाला कळत नाही. बँडवाले वेगळे, हार्मोनियम नाही, ताडून बघणार कुणाशी? एकदा मात्र, कडोदऱ्याच्या एका लग्नात, धुडकूने सनई हातात घेऊन पत्तीवरून सहज जीभ फिरवली आणि तो हेमराजकडे बघत राहिला. “लई पातय व्हई गयी रे तुनी पत्ती,” म्हणाला. मग हसला आणि खोकला. दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या डब्यातली एक न वापरलेली पत्ती हेमराजने भिजवली, सनईवर चढवली आणि फुंकली. आणि भिंत गेली. पत्तीचा आवाज आणि कानातला आवाज एकमेकांत असे शिरले की कुठला आत आणि कुठला बाहेर ते कळेना. दोघांचा मिळून एकच जाड, उबदार धागा झाला. सूर बसला, थांबला. हेमराज फुंकायचा थांबला. नाकाने आत घेतलेला श्वास त्याला उजव्या कानाशी ऐकू आला, जवळ, केस हलावेत इतका जवळ. तो वळला. उजवीकडे भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली खाट. सूर पुन्हा सुरू झाला, पण लगेच नाही. हेमराजने सनई ओठांशी नेईपर्यंत तो थांबून राहिला होता.

“ही उतरेल शे,” पुष्पाबाई दारातून म्हणाली. आता तिचा चेहरा घाबरला होता. “लई उतरेल शे. धुडकूभाऊनी पोरनी हयद शे, जी. तठे चार लोक हासतीन ते चंचलना मांडवले बट्टा लागी. मशीन घालीसन वाजाडा. माले वचन द्या.”

हेमराजने वचन दिलं. मशीन लावलं तर सनई नीट वाजेल, पोरीची हळद नीट लागेल आणि धुडकू जाईल. नाही लावलं तर धुडकू राहील आणि धुडकूच्याच पोरीच्या मांडवात शोभा होईल. गोष्ट एवढी सरळ होती. या पेचात तो दोन-तीन दिवस जेवला नाही धड. त्याने मनातल्या मनात धुडकूलाच विचारून पाहिलं, आणि धुडकूने नेहमीसारखं काहीच सांगितलं नाही; सूर धरून बसला. सूर धरणाऱ्याचं हेच असतं, कधी काही मागत नाही, त्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही.

बमरोलीला दोन इमारतींमधल्या गल्लीत मांडव घातला होता. चंचल पाटावर बसली होती, बायका तिच्याभोवती वाटी घेऊन, पोरी मोबाइल धरून. किसन संबळ घेऊन आला होता. ललितने स्पीकर लावला, मोबाइलवर बोट फिरवलं आणि अंगठा वर करून बापाला दाखवला. म्हणजे तानपुरा सुरू झाला होता. हेमराजने मान डोलवली. मशीन त्याच्या खिशात होतं. पुष्पाबाईने बायकांच्या घोळक्यातून त्याच्या कानाकडे बघितलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. हेमराजने पत्ती ओठांत भिजवली. तीच, डब्यातली. धुडकूने श्वास घेतला. हेमराजने फुंकलं.

काय वाजलं ते त्याने चेहऱ्यांवर वाचलं. किसनची मान झटक्याने वळली. मोबाइल धरलेली एक पोर शेजारणीच्या खांद्यात तोंड खुपसून हसली. ललित पुढे वाकून ओठ ताणून सांगत होता, “पप्पा, उतरेल शे! वर ल्या! वर ल्या!” हेमराजने पाहिलं आणि तो वाजवत राहिला. कसा थांबणार? शेजारी धुडकू होता, पूर्वीपेक्षा मोकळा, छाती भरून. इतक्या जवळून, इतका खरा हेमराजने त्याला जिवंतपणीही ऐकला नव्हता. लाज वाटत होती, घाम फुटला होता, आणि आनंद इतका होता की बोटं आपोआप धावत होती. मग बायकांत काहीतरी हललं. भागीरथी उभी राहिली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीने माखलेले, तिने ते अंगापासून दूर धरले होते, आणि मान एका बाजूला कललेली. ती तशीच ललितकडे गेली. तिचे ओठ हेमराजला लांबून दिसले.

“ते बंद कर.”

ललितने स्पीकर बंद केला असावा, कारण चेहरे एकेक करून सैल पडत गेले. ताडून बघायला आता काही उरलं नव्हतं. हसणारी पोर गप्प झाली. किसनने दोन ठोके मारून संबळाचा सूर खाली ओढला, सनईला गाठलं आणि हात मोकळा सोडला. बायका चंचलच्या गालांना, खांद्यांना हळद लावू लागल्या. कुणीतरी गाणं धरलं. हेमराजने डोळे मिटले. धुडकूचा सूर बसला, थांबला, श्वास घेतला. हेमराज सुरावटीतल्या पुढच्या जागेवर जाऊन त्याची वाट बघत राहिला.

तो आला नाही. हेमराजने तीच जागा पुन्हा घेतली, घोळवली, जशी ते दोघं खोकल्याची उबळ लपवायला घोळवत. तो आला नाही. कानात काहीच नव्हतं. लूम नव्हती, गुणगुण नव्हती. त्याच्या जन्मात त्याने न ऐकलेली शांतता होती, आणि तिच्यात आपली सनई वाजते आहे की नाही हेही त्याला कळत नव्हतं. ओठांत पत्ती थरथरत होती, एवढ्यावर तो वाजवत गेला. चंचलचं अंग पिवळं होईपर्यंत, बायका हसून तिला उठवेपर्यंत वाजवत गेला. मग किसनने हात थांबवले तसे त्यानेही थांबवले आणि सनई सतरंजीवर आडवी ठेवली. हात रिकामे करून तो बसून राहिला. ललितने येऊन त्याची पाठ थोपटली. पुष्पाबाईने पाणी आणलं, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिथेच खाली बसली.

मग भागीरथी आली. ती त्याच्यासमोर उभी राहिली, आधी सतरंजीवरच्या सनईकडे बघितलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडे, मग मागे भिंतीकडे, जिथे कुणी नव्हतं.

“भाऊ,” तिचे ओठ म्हणाले, “सनई ते तुम्हीन खाले ठेयी दिधी. मंग हाऊ सूर कोन धरी ऱ्हायना?”

हेमराजने मान कलती करून ऐकलं. उजवा कान, डावा कान. कुणी नव्हतं. तो आयुष्यभर आपल्याजवळ बसला, मेल्यावरही येऊन बसला. आणि आता उठून घरच्या माणसांत गेला.

“कसा शे?” त्याने विचारलं.

भागीरथीने डोळे मिटले. हळदीचं एक बोट तिने हळूच वर धरलं, मध्ये बोलू नका म्हणून. मग बोट खाली केलं.

“आते दम लिधा,” ती म्हणाली. “थकेल शे, भाऊ. पन शे.”

हेमराजला तिचा हेवा वाटला, इतका की पुढे ती काय सांगत होती ते त्याला बघवेना, आणि त्याने तिच्या ओठांवरून नजर काढून घेतली.